आनंदीचं मागीलदार

आनंदी गेल्याची बातमी मला सावंतवाडीच्या स्टँडवर कळली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शाळेत पोहोचवून मी परतत होते, तेवढ्यात मालवणच्या गाडीच्या कंडक्टरने हाक मारली. तो आमच्याच गल्लीतला. "मालूताय, आनंदीबाय सकाळी गेली. तिच्या शेजारच्या सखूकाकीन तुका सांगूक सांगल्यान," तो म्हणाला, आणि तिकिटांची पेटी खांद्यावर सारत त्याने आपल्या पदरचंही जोडलं, "सुटली बिचारी." मी होते तशी त्याच गाडीत चढले. मालवण येईपर्यंत तो एकच शब्द डोक्यात घोंघावत होता. सुटली! कशातून सुटली? आनंदीला जगण्याचा कंटाळा कधीच आला नव्हता. तिला फक्त घराबाहेर, सावलीत, चार वाऱ्याच्या झुळका घेत बसायचं होतं.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. या महिन्यात तिच्याविषयी इतकं गोड गोड ऐकलं आहे की मला मळमळायला लागलं. सोशिक होती, शांत होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही... मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. म्हणून लिहायला बसले आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. गेलेल्या माणसाविषयी मन शांत करून लिहावं असा शिष्टाचार आहे म्हणे. ज्यांना जमतो त्यांनी तो खुशाल पाळावा.

आनंदी आणि मी एका गल्लीत वाढलो, एका बाकावर बसून सातवी झालो. मी पुढे सावंतवाडीला मास्तरीण झाले, तिचं लग्न झालं. देवगडला दिली होती. दोन वर्षं पुरती झाली नाहीत तोच नवरा तापाने गेला आणि ती माहेरी परत आली. आई-वडील एकामागून एक गेले. धाकटा भाऊ दिगंबर, म्हणजे तिला 'बाय' म्हणणारा आमचा दिगू, त्याला हिनेच वाढवला, शिकवला, मुंबईच्या बोटीत बसवून दिला. दिगूला तिकडे चांगली नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. मालवणचं घर त्याच्या नावावर, आणि आनंदी ते सांभाळायला. घर सांभाळणारी बहीण म्हणजे काय, ते आमच्याकडच्या घरोघरच्या बायकांना मी सांगायला नको.

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढची पडवी रस्त्याला लागून. संध्याकाळी सगळ्या घरांच्या बायका पायरीवर येऊन बसायच्या, तशी आनंदीही सुरुवातीला बसायची. एकदा लग्नाच्या खरेदीला निघालेली एक बाई तिला दारात बघून थबकली, आल्या पावली मागे फिरली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ही खंयसून मेली आडवी इली!" मी तिथेच होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या बाईच्या अंगावर धावून जाणार, तर आनंदीने माझा पदर ओढला. "भांडान काय जातला गो? तिचा काम झाला नाय तर माझ्याच नावान बोटा मोडतली." त्या दिवसापासून ती पुढच्या दारी कधी बसली नाही. तेव्हा तिचं वय ते काय होतं! आज शाळेत माझ्यासोबत काम करणाऱ्या मुली त्या वयाच्या आहेत, त्या सुट्टीत गोव्याला सहलीला जातात.

तर तिने मागीलदार हाती घेतलं. मागीलदार म्हणजे तरी काय, स्वयंपाकघराच्या मागे, विहिरीपर्यंतचा एक चिंचोळा तुकडा. उजव्या हाताला शेजाऱ्याच्या भाताच्या कोठाराची चुना लावलेली उंच भिंत, समोर पश्चिमेला कमरेइतका चिऱ्यांचा गडगा, गडग्यापलीकडे माड. तिथे जळाऊ लाकडं, नारळाची सोडणं, कोंबड्यांचा मोडका खुराडा आणि भांडी घासल्याच्या पाण्याचं डबकं एवढा ऐवज होता. तिने ते सगळं उपसून काढलं. मला वाटलं, आता लगेच फुलझाडं लावेल. छे! बाई पाट घेऊन नुसती बसली. काम आटोपलं की पाट टाकायचा, सावली सरकली की पाट सरकवायचा, आणि कोळशाने भिंतीवर खुणा करायच्या. मी मे महिन्याच्या सुट्टीत आले तेव्हा भिंत अशी रेघोट्यांनी भरलेली. म्हटलं, "ह्या काय चल्लाहा?" तर म्हणते, "सावली बघतंय. ती खंय जाता, कितको वेळ थांबता, ता कळल्याबिगर बसाचा खंय ता कसा ठरवतलंय?"

पश्चिमेचं ऊन हा त्या जागेचा शत्रू आणि पश्चिमेचा वारा हा तिचा मित्र. दोघे एकाच वाटेने येणारे. उन्हाला अडवलं की वारा अडतो, वाऱ्याला वाट दिली की ऊन आत येतं. आनंदीने यावर जे केलं ते मी नंतर कुठेच पाहिलं नाही. दरवर्षी दिवाळीनंतर आपल्याकडे खळं करतात, जमीन खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून. त्याच वेळी खांबांसाठी खड्डे घेतात आणि वर माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या झापांचा मांडव घालतात. सगळ्यांचे मांडव सपाट. हिचा मांडव स्वयंपाकघराच्या छपराच्या पाख्याकडे उंच आणि गडग्याकडे उतरता. गडग्याकडच्या बाजूने झाप खाली सोडलेलं, पण जमिनीपर्यंत नाही. उभ्या माणसाच्या छातीपर्यंत. त्याखाली बसायला चिरे मांडून, माती लिंपून केलेला ठेंगणा कट्टा. उन्हाचा तिरपा झोत झापावर अडायचा आणि वारा झापाखालून, गडग्यावरून, थेट बसलेल्या माणसाच्या अंगावर. भर वैशाखात तिथे बसलं की डोळे मिटायचे. भांड्यांचं पाणी तिने चर काढून केळीकडे वळवलं आणि केळीच्या पायथ्याला आबोलीचा वाफा केला. स्वतःला केसात घालता येत नव्हती, पण गल्लीतल्या मुलींना तिच्याकडून रोज वळेसार, म्हणजे गजरा, मिळायचा. माझ्यासाठी केलेला केळीच्या सोपटात गुंडाळून ठेवायची. मला तो केसात माळताना कधी आनंद झाला, कधी संताप. बहुतेक वेळा संताप.

काही वर्षं फार सुखाची गेली. मे महिन्यात दिगू बायकामुलांना घेऊन बोटीने यायचा. दुपारी मुलं मांडवाखाली चटया टाकून झोपायची, वहिनी कट्ट्यावर बसून केस विंचरायची, दिगू उघड्या अंगाने फणस सोलत गप्पा मारायचा. गल्लीतल्या बायका, पुढच्या दारी जिच्या सावलीला भ्यायच्या, त्या मागच्या दाराने येऊन तिच्या सावलीत बसायच्या! ती लग्नाच्या खरेदीवाली बाईसुद्धा एकदा सुकट निवडायला म्हणून आली आणि संध्याकाळ झाली तरी उठेना. आनंदीने तिलाही ताक दिलं. मी दिलं नसतं.

मग दिगूला मोठा हुद्दा मिळाला. माणूस वर चढला की त्याला आपल्या घरातली माती खुपायला लागते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. त्या मे महिन्यात आनंदी सासरी देवगडला गेली होती. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला दीर बोलवायचा, ती मुकाट जायची. इकडे दिगूने खटपट करून परमिटवर सिमेंट मिळवलेलं, बोटीतून पोती उतरवलेली. गवंडी लावला. बहिणीला चकित करायचं होतं त्याला! मी पहारींचा आवाज ऐकून गेले तेव्हा पावसाआधी दरवर्षी उतरवतात तसा मांडव उतरवलेला होता, कट्टा फोडून झाला होता, आबोलीचा वाफा बुजवून झाला होता आणि खांबांच्या खड्ड्यांवरून खडी पसरत होती.

मी ओरडले. अगदी घशाच्या शिरा ताणून ओरडले. दिगू हसला. "मालूताय, तू शिकलेली मास्तरीण, आणि तुका शेणाचा कौतुक? बायचे हात बघ सारवून सारवून कसे झाले ते. तिका जरा आराम नको?" त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हेच तर मला सहन होत नाही. मुंबईला राहणारा आमचा प्रत्येक माणूस असाच. वर्षातून एकदा यायचं, राबणाऱ्या हातांची कीव करायची आणि त्या हातांनी जे उभं केलं तेच मोडून जायचं. ज्या बाईचं ते काम आहे तिला एका शब्दाने विचारायचं मात्र नाही.

आनंदी परत आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. समोर राखाडी, गुळगुळीत कोबा, कडेला लाल रंगाचा पट्टा. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. "बरा केलंस रे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, अगदी हळू, "पण दिगू, आता खांब खंय पुरूचे?" दिगू थोडा गडबडला. मांडवाचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या मांडवाखाली तो दर मे महिन्यात ढाराढूर झोपला, तो मांडव जमिनीत खड्डे घेतल्याशिवाय उभा राहत नाही हे त्या मोठ्या हुद्देदाराच्या डोक्यात आलं नव्हतं. "पुढच्या वर्साक लोखंडी पायप घालूया, वर पत्रो," तो म्हणाला. पुढच्या वर्षी मुलाची मुंज निघाली, त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईची जागा बदलली. पायप काही आले नाहीत.

कोबा उन्हाने तापायचा, कोठाराची पांढरी भिंत उरलीसुरली धग त्याच्यावर फेकायची. माती संध्याकाळी निवते, कोबा दिवेलागणीनंतरही ऊन ओकत राहतो. मागच्या दाराशी चपला ठेवायची वेळ आली. स्वयंपाकघरातून विहिरीवर जायला चपला! बायका यायच्या बंद झाल्या. आनंदी पुन्हा घरात कोंडली गेली, आणि गल्लीत सगळीकडे कौतुक, दिगूने बहिणीसाठी मागीलदार पक्कं करून दिलं.

एकदाच ती पेटून उठली. मी नाताळच्या सुट्टीत गेले तर मला हाताला धरून ओढत मागे घेऊन गेली. "बघ गो, फोडलंय!" पहार घेऊन तिने एकटीने कोब्यात एक खड्डा पाडला होता. त्यात पोफळीचा एक खांब, खांबापासून पाख्यापर्यंत काथ्या ओढलेला, त्यावर तिरकं बांधलेलं एकच झाप. खाली पाट. तळहातांना फोड आले होते आणि ती खदाखदा हसत होती. इतकी हसलेली आनंदी मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. त्या दुपारी आम्ही दोघी त्या झापाखाली गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि जगातल्या यच्चयावत भावांना शिव्या घातल्या. सोशिक म्हणता ना तिला? तिच्या त्या दिवसाच्या शिव्या मला इथे लिहिता येत नाहीत.

मे महिन्यात दिगू आला. "पाणी मुरतला, सगळो कोबो उखळतलो," म्हणाला आणि खांब काढून खड्डा बुजवला. ओल्या सिमेंटात त्याच्या मुलाने पंजा उमटवला. सगळ्यांनी तो पंजा कौतुकाने पाहिला. आनंदीनेही पाहिला. मी तिला म्हटलं, पुन्हा फोड, मी धरते पहार. ती म्हणाली, "नको गो. घर त्याचा. त्यान मायेन घातल्यान." मायेन! आनंदी, तू गेलीस म्हणून गप्प बसणार नाही, त्या एका शब्दासाठी माझा तुझ्यावरही राग आहे. मायेने घातलेला धोंडासुद्धा धोंडाच असतो.

पावसाळ्यात पूर्वी ती विहिरीच्या वाटेवर जुनी झापं अंथरायची, खालची माती पाणी पिऊन टाकायची. कोब्यावर पाणी तुंबायचं, शेवाळ धरायचं, झाप अंथरलं तर तेच पायाखालून सरकायचं. राख टाकून, खरवडून ती जमेल तसं करायची. गेल्या श्रावणात घागर घेऊन येताना पाय सरकला. शेजारच्या सखूकाकीने आवाज ऐकला म्हणून बरं. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, पडून राहायचं, दुसरा इलाज नाही.

माजघरातल्या खाटेवर ती पडून राहिली. त्या खोलीला एकच खिडकी, तीही कोठाराच्या भिंतीकडे. दिगू आला, औषधांची सोय केली, सखूकाकीला देखरेखीला सांगितलं, आठ दिवस राहून गेला. मी सुट्टी मिळेल तेव्हा धावत होते. दर वेळी तिचं एकच... "माका भायर न्हे गो." कुणी म्हणेल, सकाळी घराची सावली असते तेव्हा न्यायचं. नेत होतो ना. सखूकाकी आणि मी खाट उचलून नेत होतो. पण दहा-अकराला, पेजेच्या वेळेला, ऊन पायाशी येऊन ठेपायचं आणि खाट आत घ्यावी लागायची. खोली तापायची दुपारी. जीव घाबरायचा दुपारी. समुद्रावरून वारा सुटायचा तोही दुपारी, आणि तो आत येत नव्हता. मी रॉकेलच्या डब्यांत वाळू भरून बांबू उभे केले, वर चादर ताणली. त्याच वाऱ्याने सगळं उलथून तिच्या खाटेवर आलं. पहार आणायला मी निघाले तर तिने डोळ्यांनीच नको म्हटलं. फाल्गुनात तिने विचारायचं सोडून दिलं. खिडकीकडे पाठ करून पडायची. चैत्रात गेली.

बाराव्याला घर माणसांनी भरलं होतं. कुणी म्हणे देवान तिका सोडवल्यान, कुणी म्हणे दिगूसारखो भाव मिळाक भाग्य लागता. दिगू रडत होता. खरंच रडत होता. "तिच्यासाठी काय करूचा रवला नाय," तो म्हणाला, "मागीलदारसुद्धा पक्का करून दिलंय." मला राहवलं नाही. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "त्याच मागीलदारान तिचो जीव घेतलो. आधी बसाची जागा घेतली, मग पाय घेतलो, मग श्वास." कुणीतरी म्हातारं म्हणालं, "मास्तरीणबाय, आजच्या दिसाक ह्या कशाक?" मग कोणत्या दिवशी बोलायचं? आनंदी जिवंत असताना बोलले तेव्हाही तुम्ही हसलातच. आनंदी काही म्हातारी नव्हती आणि तिच्या जाण्याचं दुःख मला आहेच, पण काळही सोकावतो आहे. आमच्या गल्लीत आता घराआड घर कोबा होतो आहे. एकही माणूस आधी विचारत नाही, इथे बसतं कोण?

मागच्या आठवड्यात दिगूने बोलावलं म्हणून गेले. रजा वाढवून तो अजून मालवणातच आहे. वाळला आहे. मला म्हणाला, बायच्या नावाने काहीतरी करायचं मनात आहे. मागीलदारी सिमेंटचा कट्टा बांधायचा, वर रंगीत फरशीचे तुकडे बसवायचे, समोर तिचं नाव आणि खाली दोन ओळी. "त्यो ओळी तू लिवन दी, मालूताय. तुझ्यापेक्षा तिका कोण वळाखता?" आणि जागा दाखवायला म्हणून भर दुपारी चपला घालून बाहेर गेला. मी त्याच्या मागून गेले, अनवाणी. त्या दारातून मी आयुष्यात कधी चपला घालून बाहेर पडले नाही.

तो हातवारे करून सांगत होता, लांबी एवढी, पाठ टेकायला भिंत एवढी. माझ्या पायांचे तळवे जळत होते. डोक्यावर ऊन, बाजूने कोठाराची धग. मी हलले नाही. मला ते सगळं अंगावर घ्यायचंच होतं. बोलता बोलता त्याचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं. "अगो, तुझे पाय! आत ये गो मालूताय, ऊन लागतला तुका!" मी जागची हलत नाही म्हटल्यावर तो धावत घरात गेला, छत्री घेऊन धावतच परत आला, उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. स्वतः उन्हात. खरी माया होती त्या धरण्यात, मी कशी नाकारू?

"ही बायच्या डोक्यार धरूची होती, दिगू," मी म्हटलं.

आणि छत्रीखालून बाजूला झाले. छत्री त्याने मिटली नाही, आपल्या डोक्यावरही घेतली नाही. हात लांब करून तशीच धरून उभा राहिला. खाली कोब्यावर गोल सावली पडली होती, आणि तिथे कुणीच नव्हतं.